व्हयचं बटण

चंद्राबाईपुढं एखादं माणूस खोटं बोललं तर चालायचं, पण पुस्तकी बोललं की तिच्या अंगाला मुंग्या डसायच्या.

माहेर वडूजच्या पलीकडचं, कुसळाच्या रानातलं. तिकडं पाऊस कमी, बोलणं मुबलक. पोरगी कुठंतरी ऑफिसात चिकटंल म्हणून बापानं तिला टायपिंगच्या क्लासला घातली. मराठी, इंग्रजी दोन्ही परीक्षा ती पास झाली. असं बडवायची की शेजारच्या पोरीचं मशीनसुद्धा टेबलावर सरकत जायचं. खोड फक्त एक. समोरच्या कागदावर ‘आहे’ असलं तरी तिच्या हातनं ‘हाय’ पडायचं. सरांनी लाल रेघा मारून पेनं रिकामी केली, पण बोटं काय सुधारली न्हाईत. परीक्षेपुरती तिनं ती दातओठ खाऊन आवरली एवढंच. मग नोकरी लागायच्या आधी लग्न लागलं आणि ती कोरेगावजवळच्या ऊसवाल्या घरात येऊन पडली. नवरा लालासाहेब पलटणीत. पुढची कैक वर्षं बोटांना काम एकच, भाकरी थापायचं.

ती बोटं परत चालू झाली शंभूराजमुळं. गावातल्या ह्या पोरगेल्या गड्यानं दोस्त जमवून मोबाईलवर बघायची गावरान मालिका काढली. नाव ‘बांधावरची बोंब’. पहिला भाग चंद्राबाईनं चुलीपुढं बसून बघितला. त्यातली सासू सुनेला म्हणत होती, ‘तू माझ्याशी अशी का वागत आहेस?’ भाकरी तव्यावरच ठेवून चंद्राबाई शंभूराजच्या दारात गेली आणि म्हणाली, असं बोलणारी सासू मला एकदा दाखव, मी तिच्या पाया पडती. शंभूराज म्हणाला, काकी, मग तुमीच लिवा की.

तिनं लिहिलं, आणि बोंब लांबवर ऐकू जायला लागली. विट्याकडची, गलाईच्या धंद्यापायी पार तामिळनाडूत जाऊन सोनं गाळत बसलेली माणसं फोन करायची की काकी, तुमचं ऐकलं की गावच्या चावडीत बसल्यावानी वाटतंय. त्यातल्याच एका भाच्यानं दुकानातला जुना लॅपटॉप तिला पाठवून दिला. बटणं इंग्रजीची दाबायची, पडद्यावर मराठी उमटायचं. चंद्राबाई दुपारची कामं आवरली की सोप्यात बसून ते मशीन जात्यावर बसल्यासारखी चालवायची.

यंदा जानेवारीत मालिकेचा शेवटचा भाग उरला होता. सगळी गोष्ट येऊन संपणार होती ती उसात. तुरा आलेल्या उभ्या उसात सासू हरवलेली शेळी शोधत शिरती आणि तिला तिथं रुसून गेलेली सून घावती, असा शेवट. सासूचं काम करायची शेजारची बयाबाई. वय ऐंशीच्या घरात, अक्षरओळख न्हाई, पण चंद्राबाईनं एकदा वाचून दाखवलं की म्हातारी अख्खा भाग धरून ठेवायची. ऊस होता लालासाहेबांचा. शूटिंग रविवारी ठरलेलं आणि शुक्रवारी सकाळी कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय सांगून गेला की तोडणीची टोळी उद्याच फडात येतीय. टोळी परत पाठवली तर पुढची पाळी कवा, ते कारखान्यालाच ठाऊक. म्हणजे शनिवारी उजाडताना शूटिंग उरकलं तर उरकलं, न्हाईतर सासूनं शेळी शोधायची ती तोडणीनंतरच्या पाचटात.

नेमकी त्याच सकाळी लालासाहेबांनी लॅपटॉपला शिस्त लावली होती.

सुभेदार होऊन रिटायर झालेला माणूस. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की अख्ख्या घराची हजेरी घ्यायचे. लॅपटॉप चालू व्हायला लय वेळ लावतोय, अशी बायकोची तक्रार होती. म्हणून ती गोठ्यात असताना त्यांनी तो चालू करता करता कुठलंसं बटण दाबलं आणि ते मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये, निळ्या पडद्यावर जाऊन पोचले. तिथं बघावं तर एकेका नावापुढं ‘चालू’, ‘चालू’ लिहिलेलं. एवढं सगळं फुकट चालू ठेवायची काय गरज? जे कळंना ते त्यांनी बंद केलं. कळत काहीच नव्हतं, त्यामुळं बरंच बंद झालं. मग पडदा काळा पडला आणि त्यावर एकच पांढरी ओळ आली, की डिस्क सापडत नाही.

चंद्राबाई ओरडली न्हाई. ती नुसती “सुभेदारसाहेब” म्हणाली आणि लालासाहेबांनी मुकाट गाडीची किल्ली उचलली.

शंभूराज फोनवर म्हणत होता, काकी, आठवून सांगा, आमी उतरून घेतो. पण तिला आठवंना. लिहून झालं की तिचं डोकं झाडून मोकळं व्हायचं, त्याशिवाय पुढचं बोलणं आत शिरायचंच न्हाई. शेवटच्या भागातलं एकसुद्धा वाक्य तिच्या तोंडात येत नव्हतं आणि बयाबाईला वाचून दाखवायचं अजून राहिलंच होतं. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप पोटाशी धरून ती गाडीवर मागं बसली.

कोरेगावात स्टँडच्या मागं समीक्षाचं दुरुस्तीचं दुकान. पोरगी धनगराची, वडूजच्याच बाजूची. आजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरला, ही एका गाळ्यात खुर्चीवर बसून दुसऱ्यांची मशीनं हिंडवत होती. गिऱ्हाईक आलं की ती शुद्ध बोलायची, नव्या चपला घालून चालल्यासारखं, जरा जपून. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, काकांनी बंद केलेलं एकेक शोधत बसण्यापेक्षा रिसेट करू, सगळं पहिल्यासारखं होईल, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन मिनिटांच्या कामाला दुपार झाली. तिनं निळा पडदा उघडला, रिसेटचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली, मूळ सेटिंग परत भरू का? होय असेल तर वाय दाबा, नाही तर एन. समीक्षानं वाय दाबलं. चौकट जागची हलली न्हाई. परत दाबलं. परत तेच. एन दाबलं तर शहाण्यासारखी निघून गेली. पोरीनं बॅटरी काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं, सगळं परत जोडलं. चौकट पुन्हा येऊन बसली, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी. दुकानातला दुसरा कीबोर्ड वायरनं लावला, तर त्याचा दिवाच लागंना. वायर लावायची जागासुद्धा काकांनी बंद करून ठेवलीय, ती म्हणाली. लालासाहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी म्हटलं, तर ह्या मॉडेलात ती बोर्डातच बसवलेली.

शेवटी समीक्षानं हात पुसले. बोर्डाचाच बिघाड दिसतोय, साताऱ्याला पाठवावा लागेल, आठवडा तरी जाईल, असं म्हणाली. आठवड्यानं त्या रानात तोडलेल्या बुडख्यांना खोडव्याचे कोंब आले असते.

चंद्राबाईनं खुर्ची पुढं ओढली. “पोरी, हे इचारतंय तरी काय?”

“काकी, ते विचारतंय, होय की नाही. नाही म्हटलेलं ऐकतंय. होय म्हटलेलं ऐकतच नाही.”

“मग आमच्या घराण्यावर गेलंय,” असं म्हणून चंद्राबाईनं नवऱ्याकडं बघितलं. कॅलेंडराचं पुढचं पान उलटलं गेलं.

समीक्षा हसली आणि हसता हसता तिची नजर खाली बटणांवर गेली. इतका वेळ ती सवयीनं दाबत होती, बघत नव्हती. सगळ्या बटणांवरची अक्षरं जागेवर होती, थोडी पुसट, पण होती. एकच बटण टकलं, तुळतुळीत. वायचं. तिनं विचारलं, ह्यावरचं अक्षर कुठं गेलं?

चंद्राबाई म्हणाली, ते जाऊन लय दिवस झालं. अलीकडं तर त्ये बोटाला दादबी देत न्हाई, मी अंगठ्याच्या नखानं दाबती. तिनं नख लावून दाखवलं. आज नखालाही दाद न्हाई. काल रात्रीचं शेवटचं पान लिहून ते बटण सेवानिवृत्त झालं होतं.

तुम्ही असं लिहिता तरी काय, समीक्षानं विचारलं. चंद्राबाई टेबलावर बोटं नाचवत बोलायला लागली. हाय. लय. काय. व्हय. न्हाय. माय. दुधावरची साय. दर शब्दातल्या ‘य’ला बोट जाऊन वायच्याच जागेवर पडत होतं. समीक्षा बघत राहिली आणि तिच्या नव्या चपला पायातनं गळून पडल्या.

“आगं बया, काकी, तुमी व्हय व्हय म्हणून म्हणून हेचं व्हयच संपिवलंय की.”

लालासाहेब तेवढ्यात वळले. म्हंजे चूक माझी न्हाई, म्हणाले. दोघींनी एका सुरात सांगितलं, निम्मी तुमची.

बटणाची टोपी नखलून काढली तर खालची रबराची वाटी फाटून चपटी झालेली. तसली सुटी वाटी दुकानात न्हवती. समीक्षा म्हणाली, दुसऱ्या बटणाखालची काढून घालू, पण ते बटण मग मुकं होणार. बिनकामाचं कुठलं सांगा.

“क्यू,” चंद्राबाई म्हणाली. “एका कोपऱ्यात बसून हाय. मशीन आल्यापासनं एकदाबी उठला न्हाई त्यो. लाव त्येला कामाला.”

क्यूखालची वाटी निघाली ती कोरी करकरीत. समीक्षानं चिमट्यानं ती वायखाली बसवली, वर टकली टोपी दाबली. चौकट परत आणली. लालासाहेबांचा हात नकळत पुढं आला आणि दोघींनी बघितल्यावर खिशात गेला. चंद्राबाईनं पदराला बोट पुसलं आणि हलकंच टेकवलं.

चौकट गेली. पडदा काळा झाला, मशीन गुरगुरलं, आणि रोजचा पडदा उजळला. मधोमध शेवटचा भाग. चंद्राबाईनं तो उघडून पहिली चार वाक्यं मोठ्यानं वाचली. बाजूचा रसवंतीवाला काय भांडण लागलं म्हणून डोकावून गेला.

“आवं काकी, शेळी घावती का शेवटी?” समीक्षानं विचारलं. मेंढरातल्या घरची पोर, तिला सुनेपेक्षा शेळीची काळजी. चंद्राबाईनं सांगितलं न्हाई. उद्या उजाडताना फडात ये म्हणाली.

शनिवारी टोळी ट्रॅक्टरनं आली तेव्हा बयाबाई डोक्यावर पदर घेऊन उसाच्या तोंडाशी उभीच होती. चंद्राबाईनं रात्री दोनदा वाचून दाखवलेलं सगळं म्हातारीच्या जिभेवर. मुकादमाला शंभूराजनं हात जोडले. तो म्हणाला, आमच्या भाकरी होईस्तोवर उरका. टोळीतल्या बाया-बापे बांधावर फडकी सोडून बसले. समीक्षाही त्यांच्यातच जाऊन बसली.

बयाबाई उसात शिरली. शेळीला हाका मारता मारता तिनं सुनेला असं काही झोडपलं की बांधावरचे सगळे भाकरी हातात धरून खदखदायला लागले. शंभूराज तोंडावर बोट ठेवून त्यांना दटावत होता. त्यानं हसू अजून वाढलं. बयाबाईला समोर एवढी माणसं घावल्यावर तिनं पदरची वाक्यं घातली, आणि चंद्राबाई बांधावर मांडीवर लॅपटॉप घेऊन, ती घातली तशी खटाखटा उतरवून घेत गेली.

मग सून रडली, सासूनं तिच्या डोक्यातली कुसळं काढली आणि सीन संपला. शंभूराज शूटिंग केलेला मोबाईल कानाला लावून बघतो तर सगळ्यात माणसांचं हसणं आलेलं. आणखी एकदा करू, ह्या वेळी गप बसा सगळी, असं म्हणून त्यानं मोबाईल परत चालू करून धरला.

तोवर मुकादमानं शिट्टी मारली होती. टोळी उसात उतरली, कोयत्यांचा आवाज झाला आणि बघता बघता बयाबाईच्या पाठीमागचा ऊस आडवा. पार पलीकडच्या बांधापर्यंत रान दिसायला लागलं आणि त्या बांधावर शेळी निवांत पाला खात उभी.

बयाबाईनं तिकडं बघितलं.

“शंभ्या,” ती म्हणाली, “आता कशाला शोधू रं? ती बघ, दिसतीय की.”

शंभूराजनं मोबाईल बंदच केला न्हवता. शेवटचा भाग तिथंच संपला, सगळ्यांच्या हसण्यासकट.