एका घरातली दोन पथ्यं

बिबवेवाडीत मेहरुन शेखच्या हाताची ख्याती अशी, की लग्न ठरलं की काही बायका हॉल बघायच्या आधी तिच्याकडे ब्लाउजचं माप द्यायला यायच्या. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागे स्वयंपाकघर. नवरा शकील हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचा. मधुमेहाने त्याच्या किडन्या अधू झाल्या आणि त्याला नोकरी सोडावी लागली.

किडनीच्या डॉक्टरांनी शकीलला स्पष्ट बजावलं होतं, की पोटॅशियम कमी खायचं. धडधाकट किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते, त्याच्या किडनीला ते झेपत नव्हतं. रक्तात ते साचलं तर थेट हृदयाला धोका. म्हणून केळं बंद, शहाळं बंद, टोमॅटो नावापुरता, डाळ बेताची. बटाटा करायचाच तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं.

मेहरुनने ऐकून घेतलं आणि घरी येऊन टोपलीतली केळी शेजारी देऊन टाकली.

"अम्मी, तू तरी खा ना," मुलगी रुकसाना म्हणाली. ती वाघोलीला कॉलेजात शिकत होती आणि तिथेच राहायची. सुट्टीला तेवढी घरी यायची.

"ते बघत बसणार आणि मी खाणार? घास उतरेल का माझ्या घशाखाली? या घरात आता एकच पथ्य."

आणि तिने ते पाळलं. शकीलच्या ताटात जे, तेच तिच्या ताटात. पालक नाही, राजमा नाही, रताळं नाही. त्यात तिला स्वतःला बीपीचा त्रास. त्यासाठी लघवी जास्त करवणारी गोळी चालू होती. तपासणीला जा म्हणून रुकसाना मागे लागायची, पण मेहरुनला शकीलच्या दवाखान्याच्या फेऱ्यांतूनच सवड मिळत नव्हती. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले तेव्हा ती म्हणाली, मशीन चालवून येतात. जिना चढताना पाय जड झाले तेव्हा म्हणाली, वय झालं.

ऐन लग्नसराईत एका दुपारी नवरीचा ब्लाउज मशीनवर होता. मेहरुनने पेडल दाबलं. पेडल हललंच नाही. तिला वाटलं, पट्टा अडकला असेल. बघायला म्हणून ती उठली आणि उभ्या जागी कोसळली. छातीत धडधड अशी, की मध्येच एखादा ठोका चुकतोय. शकीलने शेजाऱ्यांना हाक मारली आणि रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम फार खाली गेलं होतं. ड्युटीवरच्या डॉक्टर अपेक्षा सरदेशमुखांनी सलाईन लावलं, हृदयावर लक्ष ठेवलं आणि ती जरा सावरल्यावर खुर्ची ओढून बसल्या.

"जेवणात काय असतं तुमच्या?"

मेहरुनने सांगितलं. उकळून पाणी काढलेला बटाटा, चमचाभर डाळ, फळ नाही.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला नाही. यांना. किडन्या अधू आहेत, इन्सुलिन चालू आहे."

डॉक्टरांनी शकीलकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. "यांचं इन्सुलिन तुम्ही टोचून घेता का?"

"नाही."

"मग यांचं पथ्य का घेता?"

लघवीवाटे पोटॅशियम बाहेर नेणारी तिची बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली, काही दिवसांसाठी औषध दिलं आणि म्हणाल्या, "पुढचं काम स्वयंपाकघरात. त्याला काही महागडं लागत नाही. डाळ, चवळी, पालक, सालासकट बटाटा, रताळं, दही, केळं. सगळं मंडईतलंच आहे. आणि रक्त तपासायला वेळेवर यायचं."

घरी आल्यावर तिने केळं आणलं खरं, पण स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या खाल्लं. शकील दारात येऊन उभा राहिला.

"चोरी करतेस का?"

ती दचकली. "तुम्हाला दिसू नये म्हणून..."

"मला काय दिसलं माहितीये? तू जमिनीवर पडलेली दिसलीस. ते मला परत बघायचं नाही. बाहेर ये, माझ्यासमोर बसून खा."

"तुमचाही खायचा जीव होईल."

"होऊ दे. तेवढा आवरता येतो मला."

त्या दिवसापासून चुलीवर दोन भांडी चढू लागली. शकील मंडईतून पालक निवडून आणायला लागला. बस चालवणाऱ्या हातांना फोडणी नवीन होती. पहिली डाळ करपली. दुसरीत पालक कच्चा राहिला. तिसऱ्या वेळी मेहरुनने घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

"बीपी कुणाचं आहे?" शकील म्हणाला.

एकदा रुकसाना कमी सोडियमचं मीठ घेऊन आली. बीपीला चांगलं असतं म्हणाली. मेहरुनने पाकीट उघडलं नाही. पुढच्या तपासणीला तेच घेऊन गेली आणि डॉक्टरांपुढे ठेवलं.

"बरं केलंत विचारलंत," डॉक्टर म्हणाल्या. "यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. यांच्या भाजीत चुकून पडलं तर यांना फार महागात पडेल. तुम्हीही पोटॅशियम जेवणातूनच घ्या."

मेहरुनने पाकीट घरात परत येऊच दिलं नाही. दोन्ही भांड्यांना साधंच मीठ, तेही बेतानं, आणि दोन्हींचे डाव वेगळे. पाहुणे आले तरी तिचा नियम मोडत नसे. एकदा नणंदेने शकीलच्या ताटात प्रेमाने राजमा वाढला, तर मेहरुनने तो तिथल्या तिथे उचलून स्वतःच्या ताटात घेतला. नणंद रुसली. मेहरुन म्हणाली, "रुसा. पण वाढू नका."

पाय हळूहळू हलके झाले. गोळे थांबले. पुढचे रिपोर्ट ठीक आले आणि नंतरही ठीकच राहिले. शकीलच्या किडन्या काही सुधारल्या नाहीत, पण आणखी बिघडल्याही नाहीत, आणि त्यांच्या घरी तेवढंही पुष्कळ होतं.

त्या नवरीचा ब्लाउज शेवटी दुसरीकडे शिवला गेला. पण वर्षभराने तीच मुलगी धाकट्या बहिणीला घेऊन आली. मेहरुनने टेप गळ्यात टाकला, खडू हातात घेतला आणि आत हाक मारली, "अहो, माझं रताळं उकडायला ठेवा. मला इथे वेळ लागणार आहे."