खिशात नसलेला मोबाईल

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाई. मायजवळ नाई, दोस्ताजवळ नाई. अन् मी काही चुप बसणारा अदमी नाई, बरं का — मौद्याच्या शाळेत असताना हेडमास्तरच्या आवाजात मी अख्ख्या वर्गाले सुट्टी देऊन टाकली होती. पोट्टे घरी गेले बी होते. पण ही गोष्ट कोणाच्याच आवाजात सांगता आली नाई. माह्या बी नाई.

कुठून सुरू करू? माह्या दुखण्यापासून करतो, ते सोपं आहे.

चार महिन्यांपासून मले खाली — म्हणजे पाहा, मांड्यांच्या मधात, बसतो त्या जागेच्या थोडं समोर — भुणभुण होते. दुखत नाई, आग नाई. खिशात मोबाईल वाजल्यावानी घुर्र, घुर्र, अन् बंद. मोबाईल तं माह्या हातात असते. नागपुरात नंदनवन वस्तीत खोली आहे माही, एकट्याची. तिथं बसलो का जास्तच समजते. टीव्ही लावला तरी समजते.

डॉक्टरले दाखवलं. लघवी तपासली, सगळं तपासलं. म्हणे, काही सापडत नाई, तिथले स्नायू कधी कधी असे फडफडतात, उठत-फिरत जा, वाढलं तं परत ये. झालं. मग सांगायसारखं काय आहे यात?

सांगायसारखे देवमनकाका आहेत.

मी कळमन्याच्या मार्केटात एका अडत्याकडे चिठ्ठ्या लिहितो. आमच्या काट्यावर देवमनकाका मापारी होते. पन्नाशी पार, उमरेडचे, बाप आयुष्यभर हातमागावर बसलेला. माल तोलला का आकडा असा लांबवून म्हणत, जसा काही मंगलाष्टकाचा शेवट. मी त्यांची नक्कल त्यांच्यासमोरच करायचो, अन् सगळ्यात जास्त तेच हासायचे. "माह्यापेक्षा तूच देवमन दिसतं, बाबू," म्हणत.

दुपारी काकू डबा घेऊन यायची. पोत्यांच्या आडोशाले दोघं बसून जेवायचे, हळूहळू बोलायचे. काय बोलायचे कोणास ठाऊक — तीस वर्षांच्या संसारानंतर बी त्यांच्याजवळ बोलायले असायचं. लोणच्याची एक फोड माह्यासाठी असायची.

नक्कल करणारा माणूस समोरच्याकडे फार निरखून पाहते. काकांले वाटलं असन, एवढा पाहते म्हणजे याले आपली माया आहे. म्हणून त्यांनी मलेच निवडलं.

एक दिवस पोत्यांमागे नेलं. "कोणाले सांगू नको गा बाबू. शेजारच्या घरी माग चालला का आपली भिंत थरथरते ना — तसं होते मले खाली. वाटते मोबाईल वाजला. मोबाईल तं काट्याजवळ ठेवला असते." हे फक्त काकूले माहीत होतं. डॉक्टरसमोर त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हते. "तू बोलतं चांगला. माह्या बदल्यात तू सांगजो."

समजलं काय? जन्मात पहिल्यांदा कोणी मले कामासाठी म्हटलं होतं, का माह्याऐवजी तू बोल. मी म्हटलं, सोमवारी जाऊ.

शनिवारी काका लग्नाले गेले होते. लिलाव आटोपला, हमाल चहा पिऊन राहिले होते. "कर ना बे काही नवीन." माह्याजवळ नवीन होतं. मी लिलाववाल्याचा आवाज काढला, अन् काकांच्या चड्डीतल्या मागाची बोली लावली. मधामधात काकांसारखा खिसा चाचपला. एकाच्या नाकातून चहा निघाला. मले कसं वाटलं? खरं सांगू — लय भारी वाटलं.

सोमवारी काका काट्यावर वाकले, अन् कोणीतरी टिनाच्या डब्यावर मोबाईल ठेवून वाजवला. घुर्र. काकांचा हात खिशाकडे गेला. सगळे हासले. परत घुर्र. परत हात.

दुपारी ते माह्याजवळ आले. चिडले नव्हते. "बाबू, तू तं नाई ना सांगितलं?"

"नाई काका."

इथंच थांबलो असतो तरी — पण मी थांबलो नाई. त्यांनी न विचारता मी पुढचं बोललो. "काकू बोलली असन कोणाजवळ. भाजीवाल्या बायांसंग बसते ना ती." एकदम सहज आवाजात. खरं बोलणाऱ्या माणसाची नक्कल होती ती. तेवढी एकच कोणाले ओळखू आली नाई.

दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन आली. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "कायले आली वं? गावभर सांगून झालं ना? जा घरी." तिले काही समजलं नाई. तिनं माह्याकडे पाहिलं — ओळखीचा मीच होतो ना तिथं. मी चिठ्ठी लिहीत राहिलो. चिठ्ठीवर काहीच लिहायचं नव्हतं.

मग डबा बंद झाला, काका ठेल्यावर उभ्या उभ्या तर्री-पोहे खायचे. डॉक्टरचं नाव त्यांनी काढलं नाई, मी बी काढलं नाई. दिवाळीनंतर काटा सोडून उमरेडले निघून गेले. कोणाले दाखवलं का नाई, मले माहीत नाई. दोघं जेवताना बोलतात का नाई, ते बी माहीत नाई. नंबर आहे माह्याजवळ.

परवा डॉक्टरनं विचारलं, नक्की कसं होते? मी म्हटलं, शेजारच्या घरी माग चालला का आपली भिंत थरथरते ना, तसं. डॉक्टर म्हणे, बरोबर सांगितलं, लोकांले हे सांगताच येत नाई. मग सहज विचारलं, आधी कोणाचं ऐकलं होतं काय असं?

मी म्हटलं, नाई.

काकूनं सांगितलं, असं काकांले आजही वाटते. सांगितलं मी होतं.