हरेशला पोहता येत नव्हतं

मी तेव्हा पलटणीत ट्रेनिंग हवालदार होतो. ईशान्येकडे पोस्टिंग, नदीकाठी कॅम्प. ०५३० ला पीटी, ०८०० ला परेड, मग क्लास. माझ्या रजिस्टरात प्रत्येक जवानाचं एक पान असायचं. काय जमतं, काय जमत नाही. परवा म्हसळ्याच्या एका शाळेत बोलावलं होतं. मुलांमधले गुण कसे ओळखायचे ते सांगा, म्हणाले. मी त्यांना एका पानाची गोष्ट सांगितली.

शिपाई हरेश भोईर, उरणकडचा, मिठागरात वाढलेला. ड्रिलमध्ये कच्चा. डावा-उजवा चुकायचा, बाकीचे खिदळायचे. एकदा मोर्चा, म्हणजे लढायचा खंदक, खोदताना मला म्हणाला, "उस्ताद, हितं पानी साचंल." लेव्हल लावून पाहिली. चार बोटांचा उतार निघाला! वाफ्यावाफ्यातून पाणी खेळवायचं, बांध घालायचे, हेच त्यानं लहानपणापासून केलेलं. मग मी त्याला वाळूची पोती, बंधारे, दोराच्या गाठी यांतच घातला. तीन महिन्यांत तो इतरांना शिकवायला लागला. गडी ताठ चालू लागला, त्याचं ड्रिलही सुधारलं.

पण पोहणं? मिठागरात पाणी घोट्याएवढं. शिकणार कुठे? मी पानावर लिहिलं, 'बांधकाम उत्तम. पोहता येत नाही. पाण्यात उतरवू नये.' खाली आमच्या सुभेदाराची सही घेतली. तो माझा भरतीपासूनचा दोस्त. "माझ्यावर सोड," म्हणाला.

त्या पावसाळ्यात पूर आला. सकाळभर हरेश बांधावर पोती रचून घेत होता. गावात पाणी शिरलं नाही. दुपारी पलीकडच्या काठावर माणसं अडकल्याचं कळलं. मी अर्धा किलोमीटर मागे, स्टोअरपाशी. १४१० ला वायरलेस सेटवर सुभेदाराचा आवाज आला.

"दोर घेऊन भोईर उतरतोय. ओव्हर."

"भोईर नको! पोहता येत नाही त्याला. ओव्हर."

"रायगडचा आहे. समुद्रकाठचा. आउट."

मी धावत सुटलो. १४१६ ला पोचलो. पोरांनी दोर ओढून घेतला होता. दोर रिकामा होता.

चौकशीत सुभेदार म्हणाला, जवान आपणहून उतरला, पोहता येत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी रजिस्टर पुढे केलं. ते पान फाडलेलं. चौदा वर्षं एका ताटात जेवलो होतो आम्ही. हलकट माणूस! आजही त्याचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. रेकॉर्डला 'स्वेच्छेने' असाच शब्द लागला.

हरेशच्या घरी मीच गेलो. त्याची आई म्हणाली, "त्याला पवता येत न्हवता, साहेब. तुम्हाला ठावं व्हता ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग?"



दोन वर्षांनी मी पेन्शनवर निघालो, तेव्हा पुराच्या दिवशी दोर धरायला असलेला एक जवान स्टेशनवर सोडायला आला. गाडी लागल्यावर बोलला. हरेश काठावर अडला होता. सुभेदार त्याला म्हणाला, "तुझ्या उस्तादानंच नाव दिलंय. जा."

"उस्ताद बोलले?" हरेशनं एवढंच विचारलं. बूट काढले आणि उतरला.

शिपाई हरेश भोईर, वय तेवीस. मी त्याचं नाव दिलं नव्हतं.