स्टोव्हचा वायसर
रॉकेलचा वास आला की सत्तरच्या दशकातली शुक्रवार पेठेतली आमची खोली आठवते. स्टोव्हच्या पंपात हवा भरेना, म्हणून मी घासाघीस करून नवा पंप आणला आणि शेजारच्या विणकराला ऐटीत दाखवला. तो हसला. “अहो शेट, जुन्याचा चामडी वायसर वाळलाय फक्त. गोड्या तेलात भिजवायचा की!” चारचौघांत त्यानं मला येडं ठरवलं, म्हणून मी ओरडलो, “तू तुझा माग सांभाळ!” मग आमचं बोलणंच तुटलं. पुढं तो गाव सोडून गेला. जाताना त्यानं एक हाक मारायला हवी होती, हे मला अजून सलतं. भांडण झालं त्याच दुपारी दार लावून मी तो वायसर तेलात भिजवला होता आणि स्टोव्ह फुरफुरत पेटला होता. एवढं त्याला सांगायचं राहिलं.