मामांची राखून ठेवलेली दाढ

कुणावर लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेत किंवा एसटीच्या पासासाठी. त्यातून ज्यांच्यावर लिहितोय त्यांना विचारलेलंही नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण एवढं छातीठोकपणे सांगतो, की अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या मामांइतकी तोंडं कुणी उघडून पाहिलेली नाहीत. दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा नाहीत.

मामा काष्टीच्या बाजारात बैलांचे दलाल. दात पाहून बैलाचं वय सांगायचं आणि सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. या बाबतीत बैल आणि माणूस यांत ते फारसा फरक करत नाहीत. मावसबहिणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी भर बैठकीत सांगितलं, "पावनं, जरा हसा की." तो बिचारा हसला. मामा आईच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांगत्यात त्यापरीस वय जास्त हाय." बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. पटला नाही तर हात काढून घ्यायचा. आतला आकडा बाहेर फोडायचा नाही. मामांनी हीच रीत कोथिंबिरीच्या जुडीपासून मंगल कार्यालयाच्या भाड्यापर्यंत सगळीकडे लावली. एकदा एसटीच्या कंडक्टरच्या हातावरही टॉवेल पडला होता.

मला डेंटलला जागा मिळतेय म्हटल्यावर सगळ्यांत जास्त हुरूप मामांना आला. "आपलाच धंदा की! नुस्तं गिऱ्हाईक दोन पायाचं." स्वतःची एक किडलेली दाढ त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली. गाल सुजला तरी लवंग धरून बसायचे. "ही भाच्याच्याच हातनं निघंल." मामी म्हणायची, "त्यो डॉक्टर हुईस्तवर जबडा राहिला म्हंजी मिळवलं."

कॉलेज खाजगी होतं आणि फी आमच्या आवाक्याबाहेरची. कर्ज काढायचं, मामांनी जामीन राहायचं असं ठरलं. दरम्यान मी डेंटल करून बाहेर पडलेल्या एका ओळखीच्या मुलाला भेटलो. तो दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करत होता. शिकत असतानाच व्याज चढत गेलं होतं, आता पगार हप्त्यातच जात होता, आणि स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची-मशिनसाठी पुन्हा कर्ज. मी घाबरलो. घरी मात्र बोललो नाही. आईनं पेढे वाटले होते.

बँकेत साहेब व्याजाचा दर सांगू लागले. मामांनी तो पुरता ऐकूनही घेतला नाही. साहेबांच्या हातावर टॉवेल टाकून म्हणाले, "सायेब, असं उघड्यावर नगं. आत बोला." साहेबांनी हात झटकला. रांगेतले लोक हसले. "कोण हे तुमचे?" साहेबांनी मला विचारलं.

"गावाकडचे आहेत," मी म्हणालो.

मामा शांतपणे टॉवेलाची घडी घालत राहिले. विचार करून येतो म्हणून आम्ही बाहेर पडलो. स्टँडवरच्या बाकावर त्यांनी तोच टॉवेल माझ्या हातावर टाकला. "तोंडानं बोलू नगंस. घ्यायचं का सोडायचं?" मी हात काढून घेतला. मामा म्हणाले, "बरं. भेळ खाऊ चल." एकाच बाजूनं चावत त्यांनी ती निम्मी संपवली आणि उरलेली माझ्यापुढं सरकवली.

घरी आईनं काही विचारायच्या आत मामा म्हणाले, "मीच न्हाई म्हनलो. जामीन ऱ्हायचं धाडस हुईना." मी खाली मान घालून उभा होतो. त्या वर्षी भाऊबीजेला मामा आले, ओट्यावर बसले. आईनं पाणी दिलं. पाट मांडला नाही. मी आत होतो. एका वाक्याचं काम होतं, पण पेढे आठवले आणि मी आतच राहिलो. आता मी नगरला बीएस्सी करतो.

परवा आईचा फोन आला. "दादानं दाढ काढली रं, श्रीगोंद्याला. तिथं डॉक्टरीनबाईच्या हातावर टावेल टाकून इचारलं म्हनं, बाई, शिक्षणाचं कर्ज किती ऱ्हायलंय? ती हसली आन तिनं बोटं दाबली. गालात कापूस धरून आपल्या ओट्यावर यून बसला हुता. आकडा काय सांगंना. नुस्तं म्हनतो, पोरगं बरोबर हुतं. तू कशात बरोबर हुतास रं?"

मग मी सांगितलं. सगळं, आणि तोंडानं. 'गावाकडचे आहेत' हेसुद्धा.

आई म्हणाली, "आन म्या त्याला ओवाळलं न्हाई. आता कंच्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढं?" मलाही जायचंच आहे.

आज मामीचा फोन आला. आई सकाळीच ताट घेऊन गेली होती. भाऊबीज नसताना तिनं मामांना ओवाळलं. ओवाळणी घालायला मामांनी टॉवेलाच्या कोपऱ्याची गाठ सोडली, तर नोटेच्या आधी कागदात गुंडाळलेली दाढच ताटात पडली. त्यांनी ती घाईघाईनं उचलली, पुन्हा गाठ मारली आणि म्हणाले, "ही न्हाई. ही भाच्याची हाय."