प्रतापगडच्या वाटेवर उतरवलेली पोती

देवावरचा विश्वास उडाला होता, असं मी म्हणणार नाही. पण थकलेल्या बाईला विश्वासाचंही ओझं होतं, हे मला तेव्हा कळलं. आमचे हे धानाच्या ट्रॉलीवरून पडले आणि पाठीचा मणका मोडला. तेव्हापासून फुलचूरच्या घरात एक खाट, खाटेवर ते आणि खाटेभोवती मी. कूस बदलून द्यायची, अंग पुसायचं, घास भरवायचा. जरा डोळा लागला की ते कळवळून उठायचे, त्यांच्यासोबत मीही. रोज दिवा लावताना मी महादेवाला एकच सांगायची, "यांना उभं कर." पुढे पुढे मी तेही चिडूनच सांगू लागले. ऐकतंय कोण?

शिवरात्र जवळ आली तसं यांनी टुमणं लावलं, मले प्रतापगडले ने. धडधाकट होते तेव्हा दरवर्षी नवेगाव बांधच्या पुढच्या त्या डोंगरावरच्या महादेवाला पायी जायचे. मी म्हटलं, "बसता येत नाही अन् निघाले डोंगरावर!" तर तोंड फिरवून पडले, जेवेचनात. माणूस पडला तरी हट्ट काही पडत नाही.

मार्ग काढला धाकट्या दिरानं. तो जत्रांमध्ये खेळण्यांचं दुकान लावतो. त्यासाठी जीपच्या मागे जोडायची, चाकांवरची एक पत्र्याची खोली त्यानं करून घेतली आहे; जत्रा असेपर्यंत मुक्काम तिच्यातच. "वहिनी, दादाले यातच झोपवून नेऊ," तो म्हणाला. पण त्या खोलीला खाली नुसते स्प्रिंगचे पाटे होते. एकदा खड्ड्यातून गेली की किती तरी वेळ उसळत राहायची. मोडलेल्या मणक्याला ते कसं सोसायचं? म्हणून त्यानं दोन्ही चाकांपाशी शॉकअप बसवून घेतले, वरचं टोक सांगाड्याला, खालचं आसाला. पाटे उसळले की शॉकअपनं त्यांना आवरायचं. मग मलाच आत झोपवून त्यानं फुलचूरभर फिरवलं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं वाटलं की खाली उतरूच नये.

निघायच्या सकाळी मात्र यांनी खाटेवरून हुकूम सोडला, "रिकामी ट्रॉली उडते, भरलेली बसून चालते. तांदळाची पोती टाका तिच्यात." जन्म धानाच्या ट्रॉल्या हाकण्यात गेलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार? आणि आमच्याकडे शेंबडं पोरही हेच सांगेल. पुढच्या बाजूला यांचं अंथरूण, म्हणून घरच्या तांदळाची पोती मागे रचली. शिवरात्रीची गर्दी टाळून आम्ही दुसऱ्या दिवशी, पारण्याला निघालो. दीर जीप चालवत होता, मी मागे यांच्यापाशी.

गोरेगाव ओलांडेपर्यंतच माझे हाल झाले. प्रत्येक खड्ड्याला खालून धाडकन लोखंड आदळायचं आणि यांच्या तोंडून "माय वं!" निघायचं. वर ती खोली मागून डावीउजवीकडे डुलायची. मी दोन्ही हातांनी यांना दाबून धरलं होतं. नवेगाव बांधच्या पुढे एका खड्ड्यात असा दणका बसला की हे ओरडलेच. त्यांचे ओठ पांढरे पडले. मी पत्र्यावर मुठी आपटून जीप थांबवली. "भाऊजी, परत फिरवा," मी म्हटलं, "देवाले नाही पाहिजे आपण." माझ्याच्यानं आणखी होईना. मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले.

समोर झाडाखाली प्रतापगडहून परतणाऱ्यांसाठी उपास सोडायची पंगत बसली होती. तिकडून एक बाई हातात झारा घेऊन तरातरा आली. ना ओळख ना पाळख. उघड्या दारातून आत पाहिलं आणि म्हणाली, "पोत्यात काय हाये?"

"तांदूळ."

"मंग देवाच्या दारी कायले नेऊन राहिले? इथं अर्धी पंगत बसून हाये अन् भात सरला."

आतून हे विव्हळतच म्हणाले, "नको वं, पोती उतरली तर गाडी उडंल."

मी यांच्याकडे पाहिलं, त्या बाईकडे पाहिलं. "घेऊन जा माय, सगळंच घेऊन जा," मी म्हटलं. हे मी श्रद्धेनं केलं नाही. पुण्यबिण्य काही मनात नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं आणि वाद घालायला अंगात त्राण उरलं नव्हतं. पंगतीतल्या माणसांनी पोती उचलून नेली. बाईनं आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि ती चुलीकडे पळाली. तिचं नावही मी विचारलं नाही.

दिरानं जीप पुढे नेऊन घराकडे वळवली. तोच खड्डा पुन्हा आला. मी यांना घट्ट धरून डोळे मिटले. आणि काहीच झालं नाही. खोली जराशी वाकली, उठली आणि शांत झाली. पुढच्या खड्ड्यातही तसंच. दिरानं जीप थांबवली आणि खाली वाकून पाहत म्हणाला, "आपणच दाबून ठेवले होते, वहिनी! पोत्यांच्या वजनानं शॉकअप पार तळाले बसले होते. हलाले जागाच नव्हती त्यांले. अन् सारं वजन मागं, म्हणून डुलत होती." मग मला विचारलंसुद्धा नाही, जीप पुन्हा प्रतापगडकडे वळवली.

काही वेळानं यांचा हात माझ्या हातात सैल पडला. घाबरून वाकून पाहिलं तर हे घोरत होते! किती महिन्यांनी ते असे झोपले होते, देवा. मी पदर तोंडात कोंबून रडले.

गडाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हाही मी त्यांना उठवलं नाही. ऊन कललं तेव्हा ते जागे झाले, दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे बघत राहिले आणि हात जोडले. मग म्हणाले, "तू जाऊन ये वर. मी हायो इथं, भाऊ हाये." खाटेला खिळल्यापासून त्यांनी मला आपल्यापासून कधी हलू दिलं नव्हतं.

मी एकटी वर गेले. तो चमत्कार होता की नुसतं लोखंडाचं गणित, हे मला ठाऊक नाही आणि कुणाला पटवायचंही नाही. ज्याच्या आधारानं चालायचं, त्यालाच आपण आपल्या शहाणपणानं दाबून टाकतो, एवढं मला कळलं. त्या झारेवाल्या बाईला मी आजही मनातून नमस्कार करते. हे अजून उभे राहिलेले नाहीत. खाट तीच आहे, माझे हातही तेच आहेत.

त्या दिवशी मी गडावरून खाली उतरले तेव्हा हे दाराकडेच डोळे लावून होते. "काय मागतलं वं?"

"काहीच नाही."

ते हळूच म्हणाले, "मी बी नाही मागतलं."