बोलणाऱ्या मशीनमधली तक्रार

मला दिसत नाही, हे आमच्या कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. मला ऐकू येतं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नसे. माझ्याशी बोलताना लोक आवाज चढवत, आणि माझ्याविषयी बोलायचं असलं की माझ्यासमोरच नेहमीच्या आवाजात बोलत. "यांना चहा द्यायचा का?" असं माझ्या शेजाऱ्याला विचारलं जाई. शेजारी माझ्या वतीने नाही म्हणे.

मी टेलिफोन ऑपरेटर होतो, बुलढाण्याला, शेतीशी संबंध असलेल्या एका सरकारी कार्यालयात. नाव लिहीत नाही, कारण माझ्या पेन्शनचे कागद अजून तिथूनच फिरतात. फोन जोडून देणं आणि साहेब जागेवर नसले तर निरोप लिहून घेणं, हे माझं काम. साहेब जागेवर नसत, त्यामुळे काम मुख्यतः निरोप घेण्याचंच. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून, टोचणीने उजवीकडून डावीकडे टिंबं टोचत मी ते लिहीत असे. डोळसांच्या दृष्टीने ते कागद कोरेच. एकदा साहेबांच्या वाढदिवसाला माझे तीन महिन्यांचे निरोप चिवड्याखाली गेले. चिवडा चांगला होता, असं सगळे म्हणाले.

मग अंध कर्मचाऱ्यांना बोलणारं ब्रेल मशीन देण्याची योजना आली. खामगावच्या एका मंगल कार्यालयात वाटपाचा कार्यक्रम झाला. आम्ही सहा जण होतो आणि भाषणं नऊ. प्रत्येक वक्त्याने आमच्या जीवनात प्रकाश आणला. पाचव्या भाषणात भारनियमनाने वीज गेली, पंखे आणि माइक बंद पडले, तरी वक्ते तसेच ओरडून प्रकाशाबद्दल बोलत राहिले. आम्हा सहा जणांना काही फरक पडला नाही. बाकीचा हॉल अंधारात बसून आमची कीव करत होता.

वाटपाच्या वेळी माझ्या हातात एक खोका दिला गेला, हनुवटीला धरून मान कॅमेऱ्याकडे वळवली गेली, आणि फोटो निघताच खोका माझ्याकडून काढून शेजारच्याला देण्यात आला. त्याच्याकडून पुढच्याला. सहा जणांत मिळून खोका एकच होता, आणि वजनावरून सांगतो, तोही रिकामा. दुसऱ्या दिवशी पेपरात आम्ही सहाही जण आनंदाने भारावलेले होतो.

मशीन दोन महिन्यांनी एसटीच्या पार्सलने आलं. त्या वेळी भाषण झालं नाही.

मशीन खरंच चांगलं होतं, आणि ही कबुली मला समारंभाला टोमणे मारून झाल्यावरच द्यावीशी वाटते. चपट्या जेवणाच्या डब्याएवढं, गळ्यात अडकवायला पट्टा. वर सहा टिंबांची सहा बटणं आणि मधोमध एक लांब पट्टी. खालच्या कडेला बारीक खिळ्यांची एक ओळ. तुम्ही लिहाल तशी टिंबं तिथे वर येत आणि बोटांनी वाचता येत. शिवाय ते तोंडाने वाचून दाखवी, परदेशी बाईच्या आवाजात, इंग्रजी. मराठी टिंबं बोटांखाली बिनचूक येत, पण मोठ्याने वाचायला सांगितलं की त्या बाईला साधा 'कापूस' हा शब्दही उच्चारता येत नसे. म्हणून मी नोंदी इंग्रजीतच ठेवायला लागलो. सगळ्यात मोठी सोय म्हणजे प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ आपोआप पडे, आणि तिच्यावर चिवडा ठेवता येत नसे.

साहेबांना मशीन फार आवडलं. कुणीही बाहेरचं आलं की मला आत बोलावणं येई. मी बटण दाबायचं, बाईने 'वेलकम सर' म्हणायचं, पाहुण्याने 'वा' म्हणायचं. पाहुणे आधी मशीन पाहत आणि मग फायली, आणि बहुतेक वेळा फायलींपर्यंत पोचण्याआधीच त्यांची जेवणाची वेळ होई.

बीटी कापूस येऊन तेव्हा काही हंगाम झाले होते. पाकिटावर टपोऱ्या बोंडांचं चित्र असतं म्हणे. मी पाकीट चाचपून पाहिलं आहे, गुळगुळीत असतं. जून उजाडला की फोनवर तीन विषय असत. हवं ते बियाणं दुकानात नाही. मिळालं ते उगवलं नाही. आणि ज्यावर अळी येणार नाही म्हणून सांगितलं, त्यावरच अळी आली. आमचं उत्तर तिन्हींना एकच होतं: लेखी कळवा.

अशाच एका जूनअखेर सकाळी एका बाईंचा फोन आला.

"भाऊ, सरकी निंगाली नाही म्हनून सांगाचा फोन हाच हाय काय?"

"हाच. कुठून बोलता?"

"पिंपळगाव राजाच्या अलीकडून. तीन एकर टोबली. पाऊस झाला, ओल चांगली होती. आज दहावा दिवस. तासाच्या ओळीत कुठं चार-दोन कोंब, बाकी माती."

"शेजारच्यांची कशी आहे?"

"त्यायची बोटभर झाली. त्यायचं पाकीट दुसरं. नाही तं काय माह्याच वावरावर पाऊस उलटा पडला?"

मी टाइप करत होतो. तिला पलीकडे आवाज गेला असावा.

"कोन बाई बोलून राह्यली इंग्लिशमंधी?"

"मशीन आहे. तुमची तक्रार लिहून घेतली त्यात. पाकीट, पावती आहे ना?"

"समदं डाळीच्या डब्यात हाय. मशीनमंधी गेली म्हनजे पक्कं झालं म्हना." मग तिने खरा प्रश्न विचारला. "आता म्या काय करू? वखर घालून पुन्हा पेरू, का तसंच ठेवू?"

नियम मला पाठ होता. बियाणं उगवलं नाही तर पाहणी समिती येते, आणि तिने येऊन पाहीपर्यंत शेत मोडायचं नाही. वखर फिरला की पुरावा गेला. मी तो नियम तिला सांगितला, समितीच्या आवाजात.

"शेत तसंच ठेवा. समिती येईल."

"कव्हा येईन?"

"आठवड्याच्या आत."

हा आठवडा परिपत्रकातला होता. समितीने ते परिपत्रक वाचलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. पण पुन्हा पेरायला तिच्या हाती जेमतेम पंधरा-वीस दिवस होते, एवढं मला वर्षानुवर्षं फोन घेऊन कळत होतं. त्या दिवसांत मी तिला एका वाक्यात थांबायला सांगितलं, आणि ती थांबली.

तक्रारींची वही सांभाळणाऱ्या बाबूंना मी नोंद वाचून दाखवली. ते म्हणाले, फोनवरची ती तक्रार नव्हे, ती माहिती. तक्रार व्हायला अर्ज लागतो. बाईने अर्ज पाठवला. मग कळलं, समितीतले एक सभासद प्रशिक्षणाला गेले आहेत. ते आले तेव्हा दुसरे रजेवर गेले. दोघेही होते त्या दिवशी गाडीला डिझेल नव्हतं. बाईचा फोन दिवसाआड येई, आणि प्रत्येक फोन तारीखवेळेसह माझ्या मशीनमध्ये जाई.

मध्ये साहेबांना एक शंका आली. बीटीच्या पाकिटात बिगरबीटी सरकीची एक छोटी पुडी येत असे, शेताच्या कडेने लावायला. बाईने चुकून तीच तर मुख्य शेतात टोबली नाही ना, असं विचारायला त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं.

"छोटी पुडी कडंनंच लावली, भाऊ," ती म्हणाली. "तेवढीच निंगाली."

साहेबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शंका मागे घेतली, गाडी मात्र पाठवली नाही.

पहिल्या फोननंतर सतराव्या दिवशी मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते. कार्यालय दोन दिवस आधीपासून धुतलं जात होतं. फिनेलच्या वासाने माझं नाक चुरचुरत होतं. साहेब माझ्या टेबलाशी आले आणि मोठ्याने म्हणाले, "मशीन चार्ज करून ठेवा. आणि या वेळी नेहमीचं वेलकम नको. कामातलं काहीतरी वाचून दाखवा."

मी कामातलं काहीतरी काढून ठेवलं.

पाहुणे आले, हारतुरे झाले, मला हाताला धरून मध्यभागी उभं करण्यात आलं. मी बटण दाबलं. परदेशी बाईने स्वच्छ इंग्रजीत वाचलं: कापूस, तीन एकर, उगवण नाही. मग पहिल्या फोनची तारीख, वेळ. दुसऱ्या फोनची तारीख, वेळ. तिसऱ्या. समिती अद्याप आलेली नाही. समिती अद्याप आलेली नाही. समिती अद्याप आलेली नाही.

वाचून झालं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. आणि झालंही. टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात.

"उच्चार किती स्वच्छ आहेत!" पाहुणे म्हणाले. "एकदा चार्ज केलं की किती तास चालतं?"

"दिवसभर चालतं, सर. ही एका बाईंची तक्रार आहे. पिंपळगाव राजाजवळच्या. सतरा दिवस त्यांनी शेत तसंच ठेवलंय, समिती येईल म्हणून. अजून दोन-चार दिवस गेले तर त्यांना या हंगामात काहीच पेरता येणार नाही."

पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज चढवला. "तुमच्या जिद्दीला माझा सलाम!"

पुन्हा टाळ्या. साहेब खोकले. फोटो निघाला. मंडळी जेवायला गेली.

खोलीत कपबशांचा आवाज राहिला. आमचा शिपाई कप गोळा करत होता. खामगावचा मुसलमान माणूस, माझ्याहून वयाने मोठा. कार्यालयात माझ्याशी साध्या आवाजात बोलणारा तो एकटाच.

"भाऊ, टाळ्या तं लय झाल्या. पन त्या बाईचं वावर कोन पाह्यनार?"

"तुम्हाला कळलं इंग्रजी?"

"इंग्लिश काय समजते मले! मागून तुमी मराठीत सांगतलं ना. म्या आयकत होतो."

"तिथे वीस जण होते चाचा."

"थे पाहून राह्यले होते," तो म्हणाला आणि ट्रे घेऊन गेला.

मी फोन उचलला. इतक्या वर्षांत त्या फोनवरून मी इतरांचे शब्द इकडून तिकडे पोचवले होते. माझा स्वतःचा एक शब्द त्या तारेवरून गेला नव्हता. बाईने लगेच उचलला.

"आली काय कमिटी निंगून?"

"नाही. ताई, वखर घाला. जे पेरता येईल ते पेरून घ्या."

"अन् पुरावा?"

"पाकीट आणि पावती नीट ठेवा. समितीची वाट पाहू नका."

पलीकडे कुठेतरी कोंबड्या कलकलत होत्या.

"हे हापिस सांगून राह्यलं, का तुमी?"

"मी."

"वाट पाहा म्हने, तेबी तुमीच होते."

"होय. मीच होतो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी ते 'बरं' लिहिलं, आणि मशीनने त्यावर तारीख आणि वेळ टाकली. वाचायला काही नव्हतं, तरी मी ती ओळ दोनदा वाचली.

पाहुण्यांनी जाता जाता पेपरवाल्यांना सांगितलं होतं, की या कार्यालयात तक्रारींची तत्पर दखल घेतली जाते. ते छापून आल्यावर दखल घेणं भागच पडलं. पुढल्या दहा दिवसांत कधीतरी समिती गेली. दोन्ही सभासद होते, डिझेलही होतं. अहवाल आमच्या बाबूंनी मला कौतुकाने वाचून दाखवला: "पाहणी केली असता पिकाची उगवण समाधानकारक आढळून आली. तक्रारीत तथ्य नाही. प्रकरण निकाली काढण्यात यावे." भाषा चांगली होती. पिकाचं नाव कुठेच नव्हतं.

साहेब माझ्याकडे आले. "त्या मशीनमधलंही काढून टाका. दोन ठिकाणी दोन गोष्टी नकोत."

"हो सर," मी म्हटलं.

साहेब केबिनमध्ये परतले, तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊ, कमिटी येऊन गेली," बाई म्हणाली. "वावराच्या धुऱ्यावर उभे राह्यले. आत कोनी आलं नाही, चिखल होता म्हने. फोटो काढला. छान हाय म्हने."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, साहेब, हे सोयाबीन हाय. सरकीचे दिवस गेले तं सोयाबीन पेरलं. थे म्हने, बाई, उगवलं तं हाय ना?"

मी हसलो. ती हसली नाही. माझंही हसू मग थांबलं.

"या वर्साचा कापूस तं गेला, भाऊ. सोयाबीन होईन तेवढं होईन. पन त्यायनं माही सही मागतली. म्या सहीच्या वरती लिवलं, सरकी निंगाली नाही, हे सोयाबीन हाय. मंग त्यायनं थो कागद घेतलाच नाही."

"कुठे आहे तो कागद?"

"माह्या हातात हाय. तुमी लिवून घ्या. म्या वाचते."

मी मशीनचा आवाज बंद केला. आता बोटांखालची टिंबं तेवढी राहिली. ती एकेक शब्द सावकाश वाचू लागली आणि मी लिहू लागलो, या खेपेला मराठीत, तिच्याच शब्दांत. बटणांचा आवाज केबिनपर्यंत जात असावा.

"होतंय का काढून?" साहेबांनी आतून विचारलं.

"चालू आहे सर," मी म्हटलं.

"कोनासंग बोलून राह्यले?" बाई फोनवर करवादली. "लिवा ना. पुढची ओळ हाय."

"लिहितोय ताई," मी म्हटलं. "सांगा."